मंडळीने गायचे भजन लिहिताना: शास्त्रातील उताऱ्यापासून छापील पानापर्यंत

नाताळ, ईस्टर किंवा चर्चचा वर्धापनदिन जवळ आला की नवी भजने लिहिली जातात. हौस असते, भक्तीही खरी असते, तरी त्यातली बरीचशी दुसऱ्या वर्षी कुणी गात नाही. ओळी जिभेवर बसत नाहीत, अर्थ मध्येच तुटतो, नाहीतर कुठल्याशा हिंदी गाण्याची चाल इतकी ठळक राहते की शब्द कानावरून निघून जातात.

बहुतेक वेळा चूक कामाच्या क्रमात असते. आधी चाल सुचते, मग तिच्यात बसतील असे शब्द शोधले जातात, मग यमक जुळवले जाते आणि सगळ्यात शेवटी शास्त्रवचनाचा, म्हणजे बायबलमधल्या वचनाचा, संदर्भ कंसात चिकटवला जातो. हा क्रम उलटा करा, निम्म्या चुका तिथेच संपतात.

आणखी एक सवय मोडावी लागेल. ‘देवासाठी आहे, भाव महत्त्वाचा, भाषेचे एवढे काय’ असे म्हणून कच्चा मजकूर पुढे करण्याची. यबूसी जमातीच्या एका माणसाने खळे आणि बैल फुकट देऊ केले तेव्हा दाविद राजाने ते घेतले नाहीत. ज्यासाठी मला काही मोजावे लागले नाही ते मी देवाला अर्पण करणार नाही, असे तो म्हणाला (२ शमुवेल २४:२४). भजनाच्या कामात मोजायची किंमत म्हणजे खोडाखोड.

हे मार्गदर्शन मुख्यतः अभंगाच्या छंदात लिहिणाऱ्यांसाठी आहे. मराठी मंडळीला, म्हणजे उपासनेला जमणाऱ्या ख्रिस्ती समूहाला, तो न शिकवता गाता येतो, पेटी, टाळ आणि तबला एवढ्यावर उभा राहतो आणि लिहिणाऱ्याला शिस्त लावतो.

## बसण्याआधीची तयारी

टेबलावर पुढील गोष्टी हव्यात:

- पवित्र शास्त्राची किमान दोन मराठी भाषांतरे. एक तुमच्या मंडळीत वाचले जाते ते, दुसरे वेगळ्या परंपरेतले.
- मराठी शब्दकोश आणि शुद्धलेखनाचे नियम.
- वही. पहिले खर्डे मोबाईलवर लिहू नका. खोडलेली ओळ डोळ्यांसमोर राहिली पाहिजे, कारण तिसऱ्या दिवशी तीच परत हवी होते.
- हे भजन कधी आणि कुठे गायले जाणार, याचे एका ओळीत उत्तर.

शेवटचा मुद्दा सर्वांत जास्त वेळा राहून जातो. उपासनेच्या सुरुवातीला गायचे भजन, प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) वेळचे भजन, दफनविधीचे भजन आणि रविवारच्या शाळेचे गाणे ही चार वेगळी कामे आहेत. कॅथलिक मिस्साविधीत, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, गायचे असेल तर काळही बघावा लागतो. प्रायश्चित्तकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत, ‘आलेलुया’ म्हटले जात नाही. राखेच्या बुधवारनंतरच्या रविवारसाठी लिहिलेल्या ध्रुवपदात तो शब्द आला तर सगळे भजन बाजूला पडते. विधीत गायच्या गीताला धर्मगुरूंची संमती लागते, ती खर्डा झाल्यावर मागण्यापेक्षा विषय ठरल्यावरच त्यांच्या कानावर घाला.

तपासा: ‘हे भजन अमुक प्रसंगी, अमुक लोक, अमुक वाद्यांवर गातील’ हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा १: एकच उतारा घ्या आणि तो हळू वाचा

‘देवाची प्रीती’ हा भजनाचा विषय होऊ शकत नाही, तो फार मोठा आहे. आठ-दहा वचनांचा एक उतारा घ्या. पुढे सगळीकडे मी एकच उदाहरण वापरतो: योहान २१:१-१४, तिबिर्या समुद्राच्या काठावरची सकाळ, मरणातून उठलेला येशू शिष्यांना भेटतो ती.

उतारा तीनदा वाचा, तिन्ही वेळा वेगळ्या कामासाठी.

पहिल्या वाचनात फक्त वस्तू टिपा. होडी, जाळे, कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, भाकर, पेत्र या शिष्याने गुंडाळलेला अंगरखा, काठापासून दोनशे हातांचे अंतर, १५३ मासे.

दुसऱ्या वाचनात क्रियापदे टिपा. कोण काय करतो? शिष्य रात्रभर राबतात, काही मिळत नाही. येशू काठावर उभा राहतो, विचारतो, सांगतो, बोलावतो, भाकर घेतो, देतो.

तिसऱ्या वाचनात उताऱ्यात *नसलेले* टिपा. आपण गृहीत धरलेल्या कितीतरी गोष्टी तिथे नसतात. इथे बारा शिष्य नाहीत, सात आहेत. वादळ नाही. आणि येशू भाकर मोडतो असे या उताऱ्यात लिहिलेले नाही. तो ती घेतो आणि देतो (वचन १३). भाकर मोडल्यावर शिष्यांनी त्याला ओळखले ते अम्माऊस गावातल्या घरी, लूक २४ मध्ये. दोन्ही प्रसंग मनात सरमिसळ होऊन राहतात आणि लिहिताना हात आपोआप ‘मोडून’ लिहून जातो.

आजूबाजूची वचनेही बघा. योहान १८:१८ मध्येही कोळशाचा विस्तव आहे. पेत्र तिथे शेकत उभा होता आणि तिथेच त्याने प्रभूला नाकारले. हे लक्षात आले की काठावरचा विस्तव निव्वळ स्वयंपाकाचा राहत नाही. भजनात हे सांगायची गरज नाही, पण कोणता शब्द ठेवायचा आणि कोणता काढायचा हे ठरवताना असे धागे कामी येतात.

सावधान: उतारा वाचण्याआधी सुचलेली ‘छान ओळ’ जपून ठेवू नका. ती बहुधा दुसऱ्या कुठल्यातरी भजनातून आलेली असते.

## टप्पा २: कोण बोलतो आणि कोणाशी

हे न ठरवता लिहिलेली भजने पहिल्या कडव्यात देवाशी बोलतात, दुसऱ्यात देवाविषयी बोलतात आणि तिसऱ्यात मंडळीला उपदेश करतात. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत असे बदल होतात, पण तिथे त्यांना कारण असते. नवशिक्याने एकच बाजू धरावी.

वहीत तीन गोष्टी लिहून टाका. बोलणारा कोण: ‘मी’ की ‘आम्ही’? ऐकणारा कोण: देव, मंडळी की स्वतःचे मन? आणि काळ कोणता: प्रसंग डोळ्यांसमोर घडतो आहे, की घडून गेलेला आठवतो आहे?

मराठीत इथे आणखी एक खड्डा आहे. देवाला आपण ‘तू’ म्हणतो. पण प्रवचनाच्या आणि प्रार्थनेच्या भाषेत ‘आपण’ही येते, आणि मग एकाच कडव्यात ‘तुझी कृपा’ आणि ‘आपल्या चरणी’ शेजारी बसतात. ‘आपल्या’ म्हणजे देवाच्या की आमच्या, हेही कळत नाही. ‘तू’ घ्या आणि शेवटपर्यंत ‘तू’च ठेवा.

उदाहरणातला निर्णय असा: बोलणारा प्रसंग पाहतो आहे, ‘मी’ कुठे नाही, सगळे तृतीय पुरुषात, वर्तमानकाळात. प्रभुभोजनाच्या वेळी गायचे आहे, त्यामुळे ‘आम्हांलाही दे’ असे म्हणायची गरज नाही. गाणारा त्या क्षणी स्वतःच हात पुढे करून उभा असतो.

## टप्पा ३: आधी गद्यात लिहा

भजनातून सांगायचे ते चार-पाच साध्या वाक्यांत लिहून काढा. यमक नको, अलंकार नको.

*रात्रभर काम करून हाती काही आले नाही. काठावर कुणीतरी आधीच विस्तव पेटवून ठेवला आहे. तो ‘या, न्याहारी करा’ म्हणतो. तो स्वतः भाकर वाढतो.*

हे गद्य कुणालातरी वाचून दाखवा. ‘बरं, मग?’ असे वाटले तर विषय अजून सापडलेला नाही. छंदात घातल्याने तो सापडणार नाही, फक्त झाकला जाईल.

या चार वाक्यांतले मला सर्वांत मोलाचे वाटते ते दुसरे, त्यातही ‘आधीच’. शिष्यांनी मासे ओढून आणण्यापूर्वी विस्तवावर मासळी होती. सगळे भजन याच जागेभोवती फिरले पाहिजे. १५३ हा आकडा कितीही मोहात पाडो, तो इथे येणार नाही.

## टप्पा ४: छंद ठरवा आणि अक्षरे मोजा

अभंगाचे दोन प्रकार कामाचे आहेत.

मोठा अभंग: चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे.

लहान अभंग: आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, शेवटी यमक. उदाहरणार्थ, ‘पाणी उजळले सारे । काठी फुलले निखारे ॥’

मोजणी अक्षरांची करायची, मात्रांची (ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन) नाही. जोडाक्षर एकच धरायचे: ‘न्याहारी’ म्हणजे न्या-हा-री, तीन. शेवटचा अकार बोलताना आपण गिळतो, अभंगात तो मोजला जातो आणि गायलाही जातो: ‘भाकर’ म्हणजे भा-क-र, तीन.

दिंडी हे मात्रांवर चालणारे वृत्त घ्यायचे असेल तर हिशेब वेगळा. तिथे प्रत्येक चरणात १९ मात्रा लागतात, त्याही ९ आणि १० अशा विभागून. अर्धे कडवे अक्षरांवर आणि अर्धे मात्रांवर, ही भेसळ पेटीवर बसल्याबरोबर उघडी पडते.

कुठला प्रकार घ्यावा? प्रसंग सांगायचा असेल तर मोठा अभंग बरा, कारण चौथा आखूड चरण थांबायला जागा देतो. जोशाने, टाळ्यांवर म्हणायचे असेल तर लहान.

तपासा: प्रत्येक चरणाखाली पेन्सिलने आकडा लिहा. ‘गाताना जमवून घेऊ’ असे म्हणायचे नाही. तुम्ही जमवून घ्याल, मागच्या बाकावरच्या माणसाला ते जमणार नाही.

## टप्पा ५: पहिला खर्डा आणि त्याची चिरफाड

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. गद्यावरून उतरलेला पहिला खर्डा साधारण असा असतो:

रात्र सारी गेली । जाळे रिते हाती ।
काठावर होती । शेकोटी ती ॥

प्रभू बोलावितो । या रे सारे जण ।
भाकर मोडून । देई आम्हां ॥

अक्षरे मोजली तर हिशेब चोख आहे: ६, ६, ६, ४. बरेच जण इथेच थांबतात. आता दोष बघू.

‘शेकोटी ती’ मधला ‘ती’ कशासाठी? चार अक्षरे भरण्यासाठी. असे भरतीचे शब्द मराठीत ठरलेले आहेत: रे, हो, तो, ती, आज, सदा, खरोखर. त्यांना वर्तुळ करा. काढल्यावर अर्थ तसाच राहिला तर तो शब्द भरतीचा.

‘शेकोटी’ हाच शब्द चुकीचा आहे. शेकोटी अंग शेकायला पेटवतात. इथे कोळसे आहेत आणि त्यांवर मासळी भाजते आहे. शब्द हवा ‘निखारे’.

‘होती’मुळे प्रसंग भूतकाळात गेला, पुढच्या कडव्यात ‘बोलावितो’ वर्तमानात आला. टप्पा २ मध्ये ठरवलेला काळ मोडला.

‘या रे सारे जण’ ही प्रभूची हाक नाही, ती आपण तयार केली. मूळ शब्द कितीतरी साधे आहेत: या, न्याहारी करा. अक्षरे मोजा. या-न्या-हा-री-क-रा. बरोबर सहा! शास्त्रातले वाक्य जसेच्या तसे चरणात बसत असताना दुसरे का शोधायचे?

‘मोडून’ उताऱ्यात नाही, हे वर आलेच. शिवाय ‘जण’ आणि ‘मोडून’ यांत ण आणि न यांचे यमक लावले आहे. काही भागांत बोलताना ते खपते, कागदावर आणि सुरात खपत नाही.

‘आम्हां’ने बोलणारा बदलला. इतका वेळ पाहणारा अचानक पंगतीत बसला.

‘बोलावितो’ आणि ‘बोलावतो’ दोन्ही चार अक्षरांचे. मग जुने रूप कशाला? छंदाला गरज नसताना जुनी रूपे घेतली की भजन उगाच म्हातारे दिसते. तरुण मुलामुलींना परके वाटते ते बहुधा इथेच.

दुरुस्त खर्डा:

रात्र सारी गेली । जाळे हाती रिते ।
निखारे जळते । काठावरी ॥

या, न्याहारी करा । प्रभू बोलावतो ।
भाकर ठेवतो । हातावरी ॥

‘काठावरी’ आणि ‘हातावरी’ ही जुनी रूपे मात्र मुद्दाम ठेवली आहेत. ‘काठावर’ही चारच अक्षरे, पण चौथ्या चरणाचा शेवटचा सूर लांबवला जातो, आणि ‘र’वर सूर धरता येत नाही, ‘री’वर धरता येतो. दोन्ही कडव्यांचे शेवट एकमेकांना मिळतात हा वरचा लाभ.

‘आधीच’ हा शब्द कुठेही आलेला नाही. रिते जाळे आणि जळते निखारे शेजारी ठेवल्यावर तो ऐकणाऱ्याच्या मनात येतो. आला नाही तर ओळ कमजोर आहे, शब्द घालून ती सुधारत नाही.

खर्डा तपासताना आणखी काही गोष्टी हमखास सापडतात:

हिंदीतून आलेले लिंग. मराठीत ‘महिमा’ पुल्लिंगी: तुझा महिमा. ‘तुझी महिमा’ हे हिंदी गीतांमधून आले आहे आणि आता छापील गीतपत्रिकांमध्येही दिसते. तसेच ‘तुझी आवाज’. मराठीत तो ‘तुझा आवाज’.

चरणाच्या शेवटी ‘येशू’. या नावाला नैसर्गिक यमक मिळत नाही, मग ओढूनताणून काहीतरी आणावे लागते. नाव चरणाच्या सुरुवातीला किंवा मध्ये घ्या.

विशेषणांची रांग. महान, थोर, पवित्र, सामर्थ्यशाली. एका कडव्यात एक पुरे. तेही उताऱ्यातले असेल तर.

यमकाने शिकवण बदलणे. ‘पाप’ला ‘शाप’ आणि ‘ताप’ सहज मिळतात, म्हणून ते लिहिले जातात. दुखणे म्हणजे पापाची शिक्षा, असे तुम्हांला म्हणायचे आहे का? योहान ९:३ मध्ये येशूने जन्मांध माणसाबद्दल हे स्पष्ट नाकारले आहे. आजाऱ्याच्या खाटेजवळ ते भजन गायले जाईल तेव्हा त्या यमकाची किंमत तो माणूस देईल.

सावधान: खर्डा झाला की किमान आठवडाभर बाजूला ठेवा. त्याच रात्री व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. एकदा पाठवलेली चुकीची ओळ परत घेता येत नाही, दहा गावांत तीच पाठ होते.

## टप्पा ६: आता चाल

अभंगासाठी आठ मात्रांचा (इथे मात्रा म्हणजे तालाचे ठोके) भजनी ठेका किंवा केरवा सर्वांत सोपा. सात मात्रांचा रूपक ऐकायला सुरेख लागतो, पण टाळ धरणारी मंडळी चुकते. तो गायनवृंदाने एकट्याने गायच्या रचनेसाठी ठेवा. मुलांच्या गाण्याला सहा मात्रांचा दादरा छान.

आवाका एका सप्तकाच्या फार पुढे नेऊ नका, वर एखाद-दुसरा सूर चालेल. चाल बांधणारा सहसा चांगला गायक असतो आणि स्वतःच्या गळ्याच्या सोयीने तारसप्तकात शिरतो. मंडळी तिथे तोंड मिटते. पट्टी ठरवताना पेटीवाल्याने स्वतः गाऊ नये. एक पुरुष आणि एक बाई, दोघेही न शिकलेले, यांना गायला लावावे आणि दोघांना झेपेल असा ‘सा’ धरावा.

आता मराठी भजनातली सर्वांत घातक चूक. आपल्याकडे सांगणारा एक चरण म्हणतो आणि मागून मंडळी तोच म्हणते. म्हणजे प्रत्येक चरण एकटा उभा राहतो. समजा ओळ अशी आहे:

प्रभू मज सोडी । ना कधी एकटा ।

कागदावर अर्थ ठीक आहे. पण सांगणारा म्हणतो ‘प्रभू मज सोडी’ आणि शंभर माणसे मोठ्याने म्हणतात ‘प्रभू मज सोडी’. ठेक्याच्या जोरावर दोन-दोनदा. नकार पुढच्या चरणात येईपर्यंत उलटाच विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची उलटी कबुली, होऊन जातो. नकार त्याच चरणात हवा: ‘मज न सोडतो । प्रभू माझा कधी’.

तपासा: प्रत्येक चरण वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. एकेक चिठ्ठी उचलून वाचा. एखादी एकटी वाचल्यावर खोटी किंवा अर्धवट वाटते का?

दुसऱ्याच्या चालीवर शब्द बसवायचे असतील तर हक्काचा विचार करा. भारतीय कायद्यात गीताचा आणि संगीताचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक १९१९ मध्ये वारले. त्यांचे शब्द आज सर्वांना खुले आहेत. पण त्याच शब्दांना अलीकडे कुणी नवी चाल दिली असेल तर ती चाल त्या संगीतकाराची. चित्रपटगीताच्या चालीवर भजन बांधून त्याचे रेकॉर्डिंग विकणे किंवा यूट्यूबवर ठेवणे विनापरवानगी होत नाही. कायदा सोडला तरी माझे मत चित्रपटाच्या चालीविरुद्धच आहे: पहिल्या सुरालाच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पडदा येतो, मग तिथे काठावरचे निखारे कसे दिसणार?

## टप्पा ७: चौघांकडून तपासणी, एकेकाला एकेक प्रश्न

‘कसे वाटले?’ असे विचारू नका. मंडळीतली माणसे मायाळू असतात, ‘छान’ म्हणतात आणि काम तिथेच अडते. प्रत्येकाला त्याचा प्रश्न द्या.

पाळक किंवा फादर यांना: यातली कुठली ओळ शास्त्राच्या विरुद्ध जाते किंवा उताऱ्यात नसलेले सांगते?

मराठीच्या जाणकाराला, तो ख्रिस्ती नसला तर उत्तम: कुठे अडखळलात, कुठला शब्द कळला नाही? ‘तारण’ (आपल्या अर्थाने पापातून सुटका) म्हटले की त्याला बँकेचे कर्ज आठवेल, ‘मंडळी’ म्हटले की पाहुणेमंडळी. असे शब्द टाळायचे नाहीत, ते आपले आहेत. पण आजूबाजूच्या ओळीने त्यांचा अर्थ धरून ठेवला पाहिजे.

गाणाऱ्याला: श्वास कुठे संपतो? कुठला शब्द मध्येच तुटतो?

एखाद्या आजींना: दोनदा ऐकून कुठली ओळ लक्षात राहिली? न राहिलेल्या ओळी पुन्हा लिहायच्या.

वसई, नगर, कोल्हापूर इथल्या मंडळ्यांची बोली आणि विधीचे शब्द वेगवेगळे आहेत, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट वापरही वेगळा. एकीकडचा ‘मिस्सा’ दुसरीकडे येत नाही. दोन्हीकडे गायले जावे अशी इच्छा असेल तर प्रत्येक बाजूचा एक तपासनीस घ्या.

सूचना आल्या की लगेच उत्तर देऊ नका. दोघांनी एकाच ओळीवर बोट ठेवले तर ती ओळ बदला, मग ती तुमची सर्वांत लाडकी का असेना.

## टप्पा ८: शुद्धलेखन आणि छपाई

पुढच्या चुका गीतपत्रिकांमध्ये वर्षानुवर्षे फिरत आहेत. वहीत लिहून ठेवा:

- ‘आशीर्वाद’. ‘आर्शिवाद’ नव्हे.
- ‘स्तोत्र’. ‘स्त्रोत’ नव्हे, उगम या अर्थाचा शब्द ‘स्रोत’ आणि तो वेगळा.
- ‘पुनरुत्थान’, रु ऱ्हस्व.
- ‘प्रभू’ एकटा असताना दीर्घ, ‘प्रभुभोजन’सारख्या समासात ऱ्हस्व.
- ‘दुसऱ्या’, ‘तारणाऱ्या’ यांत ऱ्य. ‘सूर्य’, ‘कार्य’ यांत र्य.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चुरा होतो, आणि हे बहुधा नाताळच्या आदल्या रात्री छापखान्यात कळते. छापायला देताना पीडीएफ द्या, आणि छापखान्याने पुन्हा टाइप केले असेल तर पुन्हा मुद्रितशोधन करा. हे काम लिहिणाऱ्याने एकट्याने करू नये. त्याला जे हवे तेच दिसते.

पडद्यावर दाखवायचे असेल तर एका वेळी एकच कडवे. कडवे दोन पडद्यांत फोडू नका. चरणांमधले दंड (।) ठेवा, श्वास घ्यायची जागा त्यांनी कळते. ध्रुवपद दरवेळी पूर्ण लिहा. ‘॥धृ॥’ एवढेच लिहिले की नवा माणूस गप्प बसतो.

खाली उताऱ्याचा संदर्भ, शब्द कुणाचे, चाल कुणाची आणि वर्ष द्या. दुसऱ्याच्या भजनातला शब्द बदलला असेल तर तसे नोंदवा.

## टप्पा ९: मंडळीला शिकवणे

सणाच्या दिवशी नवे भजन पहिल्यांदा गाऊ नका. आधीच्या तीन-चार रविवारी शिकवा. पहिल्या रविवारी उतारा वाचून गायनवृंदाने ते एकदा म्हणावे, मंडळीने फक्त ऐकावे. दुसऱ्या रविवारी एकेक चरण सांगून मागून म्हणून घ्यावे, वाद्ये कमी, पेटी फक्त सुरापुरती. तिसऱ्या रविवारी टाळ-तबल्यासह पूर्ण.

लिहिणाऱ्याने या वेळी गायनवृंदात उभे राहू नये. मागच्या बाकावर बसून ऐकावे. लोक कुठे थांबतात, कुठला शब्द स्वतःच्या सोयीने बदलून म्हणतात, कुठे आवाज बारीक होतो हे कागदावर टिपावे. एकाच शब्दापाशी मंडळी दोन रविवार अडखळली तर तो शब्द छापण्याआधी बदलून टाका. मंडळीने नकळत बदललेला शब्द उताऱ्याला धरून असेल आणि अक्षरांत बसत असेल, तर तोच ठेवायला हरकत नाही.

पुस्तकात घालायचे असेल तर वर्षभर गायले गेल्यानंतरच द्या. तोवर पत्रिकेच्या एका पानावर राहू द्या, म्हणजे दुरुस्ती करून पुन्हा छापता येते.